नकाशातून खरवडलेली बाव

मी निघालो त्या दिवशी बाबा एसटी स्टँडपर्यंत सोबत होते. ट्रंक टपावर चढवून झाल्यावर खिडकीशी आले आणि म्हणाले, "खयचीय जमीन मोजूच्या आदी मालकाक हाक मार. मालक म्हंजे सातबाऱ्यावरचो न्हय." त्यांचा मालक म्हणजे जागेचा राखणदार. त्याला गाऱ्हाणं घातल्याशिवाय आपल्याकडे कोणी कुदळ मारत नाही, हे तुम्हा गावातल्यांना सांगायला नको. माझ्या खिशात आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा दाखला होता. मी हसलो आणि बस सुटली.

मुंबईत, उपनगरांचे नकाशे करणाऱ्या एका कचेरीत मी ट्रेसर म्हणून लागलो. ट्रेसर म्हणजे अगदी खालची पायरी. सर्व्हेअर मोजून आणत, आणि मी तिरप्या टेबलावर ट्रेसिंगचं कापड ताणून तो नकाशा शाईने उतरवत असे. चुकलं की ब्लेडने शाई हलकेच खरवडायची. कधीमधी मोजणीची साखळी धरायला साइटवरही नेत.

असाच कांदिवलीला खाडीकडच्या एका कोळी पाड्यात गेलो. आमचे सर्व्हेअर नाडकर्णीसाहेब मोजणी करत होते. तिथल्या विहिरीच्या कठड्यावर जानकीबाई नावाची एक कोळीण बसली होती. मासळी विकून आली की ती रोज तिथंच बसते, असं लोक म्हणाले. तिची मुलगी त्या विहिरीत पडली होती आणि सापडलीच नव्हती. विहिरीच्या तळातून खाडीला वाट आहे म्हणत.

"ए पोऱ्या, माझी बाव लिव बरं," तिनं मला दरडावलं. विहिरीला आपण बावच म्हणतो. घर सोडल्यापासून तो शब्द पहिल्यांदाच कानावर आला. मी हो म्हटलं. राखणदाराला हाक मात्र मारली नाही. साहेबांसमोर लाज वाटली.

कचेरीत मी विहीर काढली, पण नवा रस्ता नेमका तिथून जायचा होता. विहीर दाखवली की हरकती येणार, काम अडणार. "वापरात नाही ना? मग खरवड," साहेब म्हणाले. माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती. मी खरवडली.

प्रिंट निघाली तेव्हा त्या जागी फिकट गोल उमटला होता. खरवडलेल्या कापडाचे असे डाग प्रिंटवर येतात, त्यात नवल नाही. साहेबांनी नव्या कापडावर पूर्ण नकाशा पुन्हा काढायला लावला. मी काढला. साहेबांनी तो पाहून नुसतं बोट ठेवलं. विहीर होती. माझ्याच कंपासने काढलेली, शाई अजून ओली. ती काढल्याचं मला आठवत नव्हतं, आजही आठवत नाही. "लग्न कर रे, हात ठिकाणावर येईल," साहेब म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो. तिसऱ्या वेळी त्या जागेवर पट्टी दाबून धरली आणि बाकीचा नकाशा काढला. मे महिना होता, पण पट्टीखालून बोटांना गार लागत होतं.

तो नकाशा मंजूर झाला. विहिरीत डेब्रिज पडू लागलं तशी जानकीबाई कचेरीत आली. टोपली दाराबाहेर ठेवून सरळ माझ्या टेबलाशी आली आणि नकाशा दाखव म्हणाली. खाडी कुठं, देऊळ कुठं ते मी सांगितलं. तिचं बोट सरकत सरकत कोऱ्या जागेवर थांबलं.

"हितं काय हाय?"

"काही नाही, मावशी."

तिनं बोट उचललं नाही. "मंग तिच्याजवल बसू कुठं मी?"

मी मान खाली घालून शाई ढवळत राहिलो.

रस्ता झाला. ती रस्त्याच्या मधोमध येऊन बसे, लोक उठवून कडेला नेत. पुढे वारल्याचं कळलं. मी त्याच भागात ब्लॉक घेतला. बायकोला सांगितलं, स्वस्त मिळतोय. दरवर्षी तिथलं डांबर गोल खचतं आणि दरवर्षी भरतात. खड्डा बुजलेला असो, रस्ता रिकामा असो, रिक्षावाले तेवढ्या जागेला वळसा घालून जातात. का, ते त्यांनाही माहीत नसावं.

यंदा तिथं नवी मोजणी चालू होती. तिपाईवर यंत्र लावून एक मुलगी उभी होती, नुकतीच नोकरीला लागलेली. मी तिला सगळं सांगितलं, खरवडल्याचंही. "काका, पुरावा काय?" तिनं विचारलं. म्हटलं, काढणारा मी आणि पुसणाराही मीच. तिनं मोजणीची काठी माझ्या हातात देऊन त्या जागी उभं राहायला सांगितलं. यंत्राला डोळा लावून म्हणाली, "त्या आजींना जरा बाजूला व्हायला सांगा ना."

"कुठल्या?"

"तुमच्या पायाशी बसल्यात त्या." तिनं डोळा काढून पाहिलं. रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. सॉरी म्हणाली आणि घाईघाईने यंत्रात त्या जागेचा बिंदू घेतला. यंत्राच्या पडद्यावर बारीक गोल उमटला. शेजारी तिनं लिहिलं: बुजवलेली विहीर.

दर गणपतीत तुम्ही विचारता, आता तरी गावी ये, इथं काय ठेवलंय तुझं? गाव अजून सुंदर आहे. पण तिथं माझ्या हातून काही घडलेलं नाही, म्हणून चार दिवस राहिलो की मी पाहुणा होतो. इथल्या जमिनीखाली काय आहे ते मला ठाऊक आहे. माझ्यासारखे बाहेर पडलेले बहुतेक समजून घेतील. हल्ली संध्याकाळी मी तिथल्या फुटपाथच्या कडेवर जाऊन बसतो, शेजारी एका माणसाची जागा सोडून.