साहेबांच्या घरचे फेटे

वाळूजच्या एका कंपनीत मी डिस्पॅचला कारकून आहे. गेटच्या आत सगळे एकमेकांना सर म्हणतात, मलाही म्हणतात, आणि महिनाअखेरीला या सरांच्या घरात डाळ पातळ होते. थोरल्या मुलीला नर्सिंगला घातलं तेव्हा नुसत्या पगारात भागेना. मग मी लग्नांत फेटे बांधायला लागलो.

ही विद्या चुलत्याची. अजिंठ्याकडच्या आमच्या गावात लग्न कुणाचंही असो, फेटे बांधायला त्याला मानानं बोलावणं यायचं. शहरात तसं नसतं. इथं फेटेवाला म्हणजे मंडपवाला आणि बँडवाला यांच्याच रांगेतला. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. रविवारी आणि दाट लग्नतिथीला बीड बायपासच्या लॉन्सवर जायचं, कापड आपलंच न्यायचं, वऱ्हाडाची डोकी सजवायची आणि घरी यायचं. फेटा बांधून घेताना भलाभला माणूस मान ताठ धरून मुकाट उभा राहतो. तेवढा वेळ तरी मला कुणी हुकूम सोडत नाही, हेही बरं वाटायचं.

एका लग्नातला माझा फोटो कुणाच्या तरी स्टेटसवरून ऑफिसात पोचला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "तुम्ही कंपनीची माणसं. लोकांच्या लग्नात फेटे बांधत फिरता, शोभतं का? नोकरीत असताना दुसरा धंदा चालत नाही, नियम आहे. पुन्हा कानावर आलं तर मला वर कळवावं लागेल."

साहेबांच्या बायकोच्या नावावरचे ट्रक आमच्याच कंपनीचा माल वाहतात. हे डिस्पॅचला बसणाऱ्याला ठाऊक नसेल तर कुणाला? पण मी मान डोलावून बाहेर आलो.

ऐन लग्नसराईत घेतलेल्या सुपाऱ्या सोडून दिल्या. मुलीला फोनवर सांगितलं, या सुट्टीत येऊ नकोस, भाडं तरी वाचेल. ती नुसतं "बरं" म्हणाली. मला त्या केबिनचा इतका राग आला की रात्री जेवण गेलं नाही.

पुढं साहेबांच्या मुलाचं लग्न निघालं. पत्रिका द्यायला साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. "सहकुटुंब यायचं, आणि जरा लवकर." खोटं कशाला बोलू, मी हुरळलो. झालं गेलं विसरून साहेबांनी आपल्याला माणसात धरलं, असं घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिनं भावानं दिलेली ठेवणीतली साडी काढली.

लॉनवर पोचलो तर साहेब दारातच. ऑफिसात तुम्ही म्हणणारा माणूस म्हणाला, "आलास? बरं झालं. फेटेवाल्यानं ऐन वेळी दगा दिला बघ. तेवढं उरकून टाक, घरचंच कार्य आहे."

आतल्या खोलीत कापडाचे गठ्ठे पडले होते. शहागंजातल्या दुकानाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. फेटेवाला कापड स्वतः आणतो. तो आलाच नव्हता तर हे कापड कुठून आलं? म्हणजे दुसरा फेटेवाला ठरवलेलाच नव्हता. पत्रिका माझ्या हातात दिली तेव्हाच मला ठरवून ठेवलं होतं.

तेव्हाच मागं फिरायला हवं होतं. नोकरी आठवली, फिरलो नाही. बायकोला खुर्चीवर बसवलं आणि इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या. आधी साहेबांचे व्याही, साडू, मेहुणे. मग ऑफिसची मंडळी. ज्याच्या डब्यातली भाजी मी रोज खातो तो शेजारच्या टेबलाचा गडीही आला. फेटा झाल्यावर त्यानं आरशात पाहिलं, "तुझ्या हातात जादू हाय राव" म्हणाला आणि माझ्या खिशात एक नोट सारली. चेष्टा नव्हती ती. फेटेवाल्याला देतात तशी, सवयीनं दिली. चेष्टा असती तर परवडली असती.

माझ्या डोक्यापुरतं कापड काही उरलं नाही.

थोड्या वेळानं माईकवर पुकारा झाला, ऑफिसच्या सगळ्यांनी फोटोसाठी स्टेजवर यावं. मीही बाह्या खाली करून गेलो, कडेला उभा राहिलो. फोटोग्राफर ओरडला, "ओ फेटेवाले, जरा साइडला व्हा, फोटोत येताय."

मी साहेबांकडं पाहिलं. साहेब कॅमेऱ्याकडं पाहत होते. इतक्या वर्षांचे सोबती, सगळेच मी काढलेले तुरे सावरत कॅमेऱ्याकडं पाहत होते. हा आमच्यातला आहे, एवढं म्हणायला कुणाची जीभ उचलली नाही. मी खाली उतरलो.

बायको उठूनच उभी होती. आम्ही जेवलो नाही. गाडीवर मागून ती म्हणाली, "परक्याच्या लग्नात फेटे बांधता तवा लोक 'जेवल्याबगर जायचं नाय' म्हणून हात तरी धरतेत."

सोमवारी मी केबिनबाहेर पॅसेजमध्ये उभा राहिलो आणि ज्या पार्टीला नाही म्हणालो होतो तिलाच फोन लावला. सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "अजून कुणी ठरलं नसेल तर फेटे बांधायला मी येतो." दार उघडून साहेब बाहेर आले. माझं बोलणं ऐकत उभे राहिले, मग पुन्हा आत गेले आणि दार लावून घेतलं. त्यानंतर तो नियम मला कुणी सांगितलेला नाही.