आरपार कोनाडा

नगररचना खात्यात दरवर्षी तीन-चार नवी पोरं भरती होत, आणि जुनी वस्ती पाडून उभी केलेली नवी वसाहत त्यांना दाखवायला दरवर्षी बाईच नेत. दुसरं कोण नेणार? तीस वर्षांपूर्वी वसाहत उभी राहिली तेव्हाच ते काम बाईंच्या गळ्यात पडलं होतं, आणि आता निवृत्तीला सात महिने उरले तरी ते गळ्यातच होतं. वसाहतीतली माणसं त्यांना नकाशेबाई म्हणत. खात्यात तोंडावर कुणी म्हणत नसे, पण पाठीमागे सगळेच म्हणत.

फेरी ठरलेली. आधी रुंद जिने, मग दर मजल्यावर टेकायला बांधलेला कट्टा, मग घरात उजेड कुठून येतो ते. शेवटी तळमजला. ज्याला चालता येत नाही त्याला तळमजल्याचंच घर द्यायचं, हा नियम बाईंनी स्वतः सुचवलेला. त्या काळी हे कुणाला सुचलं नव्हतं. बाहेरगावचे अधिकारी येऊन माना डोलावून गेले होते, आणि बाईंचं नाव झालं होतं. पोरं भराभर लिहून घेत. पाच इमारती अशा साग्रसंगीत झाल्या, की सहावीच्या दारात बाई घड्याळाकडे बघत. ''ही अगदी तशीच आहे, हुबेहूब. चला, उशीर होतोय.''

तीस वर्षांत बाई त्या सहाव्या इमारतीचा जिना एकदाही चढल्या नव्हत्या.

वर चौथ्या मजल्यावर शिवणवाल्या मावशी राहत. पूर्वी अंगणात गाठ पडली की मावशी हात धरून म्हणत, ''वर या की चहाला.'' बाई म्हणत, ''पुढच्या वेळी नक्की,'' आणि पाय काढता घेत. गेली चार वर्षं मावशींचं खाली उतरणंच बंद झालं होतं. ऐंशी वय, चार मजले आणि लिफ्ट नाही. हे कळलं तेव्हा बाईंना वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. दुसऱ्या वाटण्याची त्यांना मनातल्या मनात लाज वाटत राहिली.

यंदाच्या पोरांत एक चष्मेवाली होती. बाकीचे दोघे मोबाइलवर फोटो काढून मोकळे होत. हिनं मात्र जुन्या वस्तीच्या मोजणीची मूळ वहीच कपाटातून उकरून काढली होती आणि ती घेऊन हिंडत होती. सहाव्या इमारतीपाशी बाई घड्याळ बघणार, एवढ्यात तिनं वही पुढे केली.

''मॅडम, घर नंबर सदतीस आणि अडतीसच्या मधल्या भिंतीवर पेन्सिलनं काहीतरी काढून खोडलंय. अक्षर तुमचंच आहे. काय होतं तिथं?''

बाईंनी वहीवरून नजर काढली. ''काही नाही. कोनाडा होता,'' त्या म्हणाल्या.

''मग खोडला का?''

सदतीस नंबर मावशींचं. बाई तेव्हा नव्या कोऱ्या, हातात टेप, पायात टोचणारे नवे बूट. मावशींच्या खोलीची लांबी-रुंदी घेताना भिंतीतल्या कोनाड्यातून अचानक एक हात बाहेर आला, आणि दचकून बाईंच्या हातातली टेप सुटली. हातात कापडाची घडी होती, तिच्यात टोचलेल्या दहा सुया, दहाही ओवलेल्या. मावशी मशीन थांबवून पोट धरून हसल्या.

''घाबरू नका, पलीकडची आहे ती! मला जवळचं दिसत नाही, तिला चालता येत नाही. म्हणून मधली वीट काढून टाकली. ती सकाळी सुया ओवून देते, मी तिचं चहा-पाणी, जेवणखाण बघते. दोघींचं मिळून एक धड माणूस होतं.''

''पण त्यात माझा वाटा जास्त आहे हं!'' भिंतीपलीकडून आवाज आला.

पलीकडची एके काळी दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती. पायांनी दगा दिल्यापासून खाट कोनाड्याला लावून बसलेली. जवळचं माणूस म्हणजे एक भाचा, तोही परगावी. तिचं खरं नाव बाईंनी यादीत लिहिलं होतं, पण मावशींच्या तोंडी कायम 'पलीकडची', आणि तिच्या तोंडी मावशी पण 'पलीकडची'च. त्या दिवशी बाईंनी चहा घेतला, आरपार कोनाडा पेन्सिलनं वहीत काढला आणि खुशीत कचेरीत परतल्या.

साहेबांनी वही बघितली. ''हे काय? दार, खिडकी, भिंत, एवढीच चिन्हं आहेत आपल्याकडे. याला काय चिन्ह देणार? दोन घरं म्हणजे दोन घरं.'' बाईंनी खोडरबर फिरवलं. नव्या माणसानं साहेबांशी काय वाद घालायचा! इथवर त्यांना कुणी दोष दिला नसता.

दोष पुढचा. तीन वर्षांनी घरं तयार झाली, आणि बाईंच्या लाडक्या नियमानं आपलं काम चोख केलं. पलीकडचीला चालता येत नाही, म्हणून पहिली इमारत, तळमजला. मावशींना नियमात बसणारी काही अडचण नाही, म्हणून सहावी इमारत, चौथा मजला. मावशी अर्ज घेऊन कचेरीत आल्या.

''मला तिच्या शेजारी टाका. नाही जमत, तर तिला माझ्याशेजारी वर आणा. ती म्हणते चौथा मजला चालेल, नाहीतरी मी कुठं बाहेर पडते.''

पलीकडचीच्या शेजारचं घर अजून रिकामं होतं. यादी लागायला चार दिवस होते, आणि तोवर तिच्यात बदल करायचा अधिकार एकट्या बाईंना दिलेला होता. एक सही, की काम झालं असतं. पण एकीचं ऐकलं की उद्या चाळीस जण दारात उभे राहणार, ही एक भीती. दुसरी भीती जास्त खरी होती. उद्‌घाटनाला मोठे साहेब येणार, तळमजल्यावर धडधाकट बाई दिसली की ''हे काय?'' म्हणून विचारणार, आणि एवढ्या कौतुकाच्या नियमाला पहिल्याच दिवशी डाग लागणार. बाई म्हणाल्या, ''माझ्या हातात नाही हो मावशी. पण मी वर बोलते.''

अर्ज खणात गेला. मावशी पुन्हा आल्या, घरं ताब्यात दिल्यावरही येत राहिल्या. बाई दर वेळी सांगत, ''बोललेय मी. बघताहेत.'' बोलल्या कुणाशीच नव्हत्या. आठ महिन्यांनी भाचा येऊन पलीकडचीला घेऊन गेला. तिथं दीड महिन्यात ती गेली. कचेरीत कळलं ते तिचं घर रिकामं झाल्याच्या कागदावरून, आणि त्या कागदावरही सही बाईंचीच होती.

''मॅडम?'' चष्मेवाली अजून वही धरून उभी होती. येत्या सोमवारपासून ही तिघं नदीकाठच्या वस्तीची मोजणी सुरू करणार होती, हातात टेप आणि तीच तीन चिन्हं घेऊन. बाईंनी घड्याळ बघितलं नाही. ''चला वर,'' त्या म्हणाल्या. ''कोनाडा कशाला होता ते ऐकायला.''

त्यांना तिसऱ्या मजल्यावर धाप लागली. कट्टा बांधून घेतला होता म्हणून बरं, टेकल्या.

मावशींचं दार उघडंच होतं. खिडकीत मशीन, वर चादर, चादरीवर औषधाच्या बाटल्या. भिंत गुळगुळीत, कोनाडा नाही की खिळा नाही.

''कोण?''

''मी, मावशी. नकाशेबाई.''

''अगंबाई! चढलात एकदाच्या!'' मावशींनी चाचपडत हात पुढे केला. नजर जवळजवळ गेली होती. ''सोबत कोण?''

''नवी मुलं आहेत. शिकायला आलीत.''

''बसा रे, बसा. चहा ठेवते, चहापुरता अजून ओटा सापडतो मला.'' पण ठेवायच्या आधी त्या पोरांकडेच वळल्या. ''यांच्याकडून शिका हं. आम्हा दोघींना जवळ घर मिळावं म्हणून किती खटपट केली यांनी! सारख्या वर जाऊन बोलायच्या. वरच्यांनी ऐकलं नाही, त्याला या काय करणार? इथं सगळे यांच्या नावानं बोटं मोडायचे, पण मी एक शब्द ऐकून घेतला नाही कधी.''

चष्मेवालीनं वहीत लिहायला सुरुवात केली. बाईंनी ते बघितलं. गप्प बसणं सोपं होतं, तीस वर्षांची सवय होती. सात महिन्यांत निवृत्ती, मावशींचं वय झालेलं, कुणाला कधी कळलं नसतं. हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि ते आलं याचीच त्यांना किळस वाटली.

''मावशी, मी वर कधी बोललेच नाही,'' त्या म्हणाल्या.

''काय?''

''वर बोलायची गरजच नव्हती. घर बदलून देणं माझ्याच हातात होतं. मी दिलं नाही.''

मावशी उभ्या होत्या त्या हळूच मशीनच्या स्टुलावर बसल्या. ''म्हणजे सही तुमचीच लागत होती?''

''हो.''

''एवढीच?''

''एवढीच.''

चष्मेवालीचं पेन थांबलं होतं. बाई वाट बघत होत्या, मावशी काहीतरी बोलतील, निदान चार शिव्या तरी घालतील. शिव्या घातल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

''तिचा भाचा पहिल्याच महिन्यात न्यायला आला होता,'' मावशी म्हणाल्या. त्या बाईंशी बोलत नव्हत्या, भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या. ''तेव्हा तब्येत बरी होती तिची. जायला तयार होती. मीच अडवलं. म्हटलं थांब, बाई बघताहेत. मी दिवसातून दोनदा उतरायचे, पण दोनदा म्हणजे काय हो? बाकीचा दिवसभर ती एकटी. तहान लागली तरी माझी वाट बघायची. आणि मी गेले की पहिलं विचारायची, बाई काय म्हणाल्या? मी सांगायचे, होतंय गं, आता होतंय. आठ महिने सांगत होते.''

बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला हात पुढे केला, पण ठेवायचं धाडस झालं नाही.

''तिच्याशी मी आयुष्यात खोटं बोलले नव्हते,'' मावशी म्हणाल्या. ''तुम्ही बोलायला लावलंत.''

मग त्या उठल्या, चाचपडत दारापर्यंत आल्या आणि दार धरून उभ्या राहिल्या. पोरं आधी बाहेर पडली. बाई शेवटी. चहाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.