सुधाकाकू आणि पिंजऱ्यातले काडीकिडे

१२ डिसेंबर

सुधाकाकू आज पहाटे गेल्या.

इतके महिने इथे ब्लॉगवर काहीच लिहिलं नाही, त्याबद्दल माफ करा. आले ती ही बातमी घेऊनच.

काकू आईच्या कॉलेजमधल्या मैत्रीण. इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थम्बरलंडमधल्या एका छोट्या बंदरावर राहायच्या, शाळेत बायॉलॉजी शिकवायच्या. रिटायर झाल्यावर लोक बाग करतात. यांनी काडीकिडे पाळले, हुबेहूब वाळक्या काडीसारखे दिसणारे, तासन्‌तास न हलणारे किडे.

साधेसुधे नव्हेत. दुर्मिळ जातीचे, वीतभर लांब, बोटाएवढे जाड.

या किड्यांचं घर म्हणजे लॉबस्टर पकडायचा जुना पिंजरा, आतून बारीक जाळी लावलेला. शेजारच्या जिमनं करून दिलेला. जिम कोळी.

त्या गावात डिसेंबरमध्ये सगळे कोळी आपापले पिंजरे धक्क्यावर एकावर एक रचून ख्रिसमस ट्री करतात. वर दिव्यांच्या माळा.

दर वर्षी जिम काकूंच्या दारात हजर. "मिसेस के, माझा पिंजरा परत देताय ना? ट्रीला एक कमी पडतोय."

"आत भाडेकरू आहेत. ऐन ख्रिसमसला कुणी भाडेकरू काढतं का?"

दर वर्षी हेच. आणि दर वर्षी दोघं तितकेच हसायचे.

एकदा माझा नवरा नितीन त्यांच्याकडे आमटी करत होता. ओट्यावरच्या वाटीतले धने कढईत टाकणार, एवढ्यात काकू किंचाळल्या.

"अरे थांब! नातवंडं आहेत ती माझी!"

अंडी होती.

या ऑक्टोबरमध्ये शेवटची मादी मेली. उरली फक्त अंडी, डब्यातल्या ओल्या वाळूत.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये काकूंनी स्वतःच जिमला सांगितलं, "पिंजरा घेऊन जा आता."

मला म्हणाल्या, "अगं, अंडी मात्र टाकू नकोस हं. महिनोन्‌महिने काही हलत नाही, म्हणून लोक मेली समजून फेकून देतात."

मी हो म्हणाले. त्यांना बरं वाटावं म्हणून, की खरंच जमेल म्हणून? अजून कळत नाहीये.

जे हलत नाही त्याच्याजवळ इतक्या आनंदात बसून राहणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. वर्गातल्या ढ मुलांजवळही त्या अशाच बसायच्या म्हणे.

आज दुपारी वाळूचा डबा घेऊन त्यांच्या घरातून निघाले. धक्क्यावर ट्री रचणं चालू होतं. जिम पिंजरा घेऊन माझ्या गाडीपाशी आला.

"हा ने. पिल्लं बाहेर आली तर राहणार कुठे?"

"आणि ट्री?"

"यंदा एक कमीच राहू दे."

पिंजरा मागच्या सीटवर ठेवून नॉटिंगहॅमला घरी आले.

काकू, निवांत जा. अंडी माझ्याकडे आहेत.

उद्या: वाळूवर पाणी शिंपडणे.