डबल जास्वंदीचं बोंड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुमनला, माझ्या बायकोला तर नाहीच — आणि सांगायचं होतं ते तिलाच. ती जाऊन वर्ष झालं. मी चौथी शिकलेला माणूस, वाकडंतिकडं लिहीन. पण लिहिणार.

पालेगावातल्या आमच्या घरासमोर तिची डबल जास्वंद आहे. लाल, कोबीच्या गड्ड्यासारखी गच्च. चाळीस वर्षं फुलली, बी एकदाही धरलं नाही. आम्हालाही मूल नाही. माझी वहिनी भर अंगणात म्हणायची, "जशी मालकीण तशी जास्वंद." आणि मी? मी चहा पीत बसायचो.

गावात डोहाळजेवण असलं की फुलांचे दागिने सुमननंच ओवायचे. बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं. पण ओटी भरायची वेळ आली की तिला मागं सरकवायचे. तिच्या झाडाचं फूल गणपतीला चालायचं, ती ओटीला चालायची नाही. दाराआड उभी राहून हसायची. ते हसू — जाऊ दे.

दोन महिन्यांपूर्वी भावाची नात प्रणाली आली. उल्हासनगरला कॉलेजात झाडांचं शिकते. तिनं एक फूल ब्लेडनं उभं चिरलं. "आजोबा, बघा ना. पराग असायला पाहिजेत तिथं नुसत्या पाकळ्या. नर ड्युटीवरच नाही!" आपल्याच जोकवर हसली. मला ते कुठं लागलं, तिला काय कळणार?

मग ती सांगत गेली आणि मी आ वासून ऐकत राहिलो. झाडाच्या आत म्हणे जनुकं असतात — झाड कसं घडवायचं त्याचे हुकूम. माणूस नव्हता, फुलंसुद्धा नव्हती, तेव्हा त्यातल्या एका हुकुमाची चुकून नक्कल झाली. एकाचे दोन. एकानं जुनं काम सांभाळलं, म्हणून दुसरा मोकळा झाला. बऱ्याच नकला वाया जातात, मुक्या होतात. एखादी नवं काम शिकते. नकलांच्या नकला होत घराणं वाढलं — त्यातलाच कुणी पाकळी घडवतो, कुणी पुंकेसर, कुणी मधली बी धरणारी कूस. भातात, आंब्यात, शिरगावच्या रस्त्यावरच्या गुलमोहरात — सगळीकडं तीच भावंडं! चुकांतून एवढी फुलं? जन्मभर देवळात हात जोडले, पण असा थक्क कधी झालो नव्हतो.

"तुमच्या झाडात पुंकेसरवाला गप्प बसलाय," ती म्हणाली, "म्हणून पाकळीवाल्यानं त्याची जागा घेतली. मादी एकदम ठीक आहे हं, आजोबा. तिच्यात काही फॉल्ट नाही."

शेजारच्या साध्या जास्वंदीचे पराग तिनं आमच्या फुलाला लावले, खूण म्हणून दोरा बांधला. फूल गळलं. मागं हिरवं बोंड राहिलं. चाळीस वर्षांत पहिलं! मी रोज सकाळी उठून आधी त्याच्यापुढं जाऊन उभा राहायला लागलो.

आता सांगतो. लग्नाला पाच वर्षं झाल्यावर आम्ही दोघं उल्हासनगरला, कॅम्प तीन भागातल्या एका डॉक्टरकडं गेलो होतो. तपासण्या झाल्या. रिपोर्ट आणायला मी एकटा गेलो. डॉक्टर म्हणाले, बाईंचं सगळं ठीक आहे, दोष तुमच्यात आहे. रिक्षात बसायच्या आधी मी तो कागद फाडून गटारात टाकला. घरी सुमन दारातच उभी होती. मी म्हणालो, "तुझ्यात आहे."

दोन शब्द. तिनं मान खाली घातली. त्यानंतर मरेपर्यंत दर सोमवारी उपास आणि अंबरनाथच्या शिवमंदिरात अनवाणी. मी तिला नाक्यापर्यंत सोडायला जायचो. सोडायला!

गेल्या महिन्यात तिच्या वर्षश्राद्धाला वहिनी वाढता वाढता म्हणाली, "बिचारीच्या कुशीतच नव्हतं." बाहेर अंगणात बोंड फुगत होतं. मी भात कालवत राहिलो. आता कुणाची भीती होती?

वांझ सुमन नव्हती. मी होतो.

काल बोंड वाळून उकललं. आत सहा बिया निघाल्या. तिच्या फोटोपुढं ठेवायला गेलो, हात पुढं झाला नाही. सदऱ्याच्या खिशात आहेत.