नाव तेच, माल दुसरा

छावणीत माझा फोटो स्टुडिओ होता. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म मी एकाच दुकानदाराकडून, एकाच नावाची घ्यायचो. ती किती मिनिटं धुवायची, ते हाताला पाठ होतं. एकदा डबीचा रंग वेगळा दिसला म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "नाव तेच हाय ना? मग माल तोच."

करमाडच्या लग्नाचे सगळे रोल मी जुन्याच मिनिटांनी धुतले. नवरीचा चेहरा चुन्यासारखा पांढराफटक आला, नाक-डोळे गायब. तिच्या बापानं भर बाजारात माझी अब्रू काढली. नंतर कळलं, कंपनीनं नाव तेच ठेवून फिल्म बदलली होती, आणि तसं पत्रक त्या हरामखोराच्या गल्ल्यात महिनाभर पडून होतं.

मी भांडलो नाही. वाट पाहिली. वर्षभरानं तो स्वतःच्या सत्कारासाठी फोटो काढायला माझ्याकडंच आला. सत्काराच्या सकाळी मी त्याला बंद पाकीट दिलं. त्यानं ते चारचौघांत फोडलं. आत बोळक्या तोंडाच्या भलत्याच म्हाताऱ्याचा फोटो.

"हा मी नाय!" तो ओरडला.

"पाकिटावर नाव तुमचंच हाय ना?" मी म्हणालो. "मग माणूस तोच."