लंडनचा भाव आणि आमच्या पडवीतले हंडे

शेअर बाजार आपटला त्या आठवड्यात आमच्या घरात शिरा झाला, कारण बाबांनी शेअर घेतलेच नव्हते. ते रोह्याच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरचे कारकून होते. अख्खी जनरल शिफ्ट बुडाली आणि हा एकटा माणूस कोरडा राहिला. कोरड्या राहिलेल्या माणसाला आपण शहाणे आहोत असं वाटायला लागतं. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

"कागद तो कागदच," ते म्हणाले. "आता धातू."

सोनं नव्हे, ते बायकांचं. बाबांना हवं होतं तांबं. वाचनालयातल्या इंग्रजी पेपरात आतल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, लंडनच्या धातूबाजारातला तांब्याचा भाव यायचा. पेपर रोह्यात पोचेपर्यंत तो शिळा झालेला असायचा, पण शिळा भात आम्ही फोडणी घालून खातोच की. बाबा तो भाव वाचून यायचे आणि जेवताना, कुणी विचारलेलं नसताना, सांगायचे.

साध्या माणसाने तांब्यात पैसे घालायचे तरी कसे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांनी रीतसर चौकशी केली. बँकेतल्या साहेबांनी त्यांना मुदत ठेवीचा फॉर्म दिला. मुंबईच्या एका धातूच्या व्यापाऱ्याने फोनवर विचारलं, किती टन? बाबा म्हणाले, सुरुवातीला वीसेक किलो. पलीकडून फोन ठेवला गेला. वायद्याचा सौदा करावा तर तो कायद्यात बसत नव्हता. तांब्याच्या कंपनीचे शेअर घ्यावेत तर पुन्हा कागद. मग एकच वाट उरली. खुद्द तांबं आणायचं आणि घरात ठेवायचं.

तांब्याला आमच्याकडे तोटा नव्हता. गावोगाव स्टील आणि प्लास्टिक आलं होतं आणि बायका सासूच्या वेळचे हंडे पेणच्या भंगारवाल्याला घालत होत्या. बाबा रविवारी सायकल काढायचे, नागोठण्यापर्यंतची गावं पालथी घालायचे आणि भंगारवाल्यापेक्षा चार पैसे जास्त देऊन हंडे, कळश्या, घंगाळं घेऊन यायचे. "लंडनला भाव वाढणार आहे," असं विकणाऱ्या बाईलाही ते प्रामाणिकपणे सांगायचे. एकीने त्यावर म्हटलं होतं, "वाढूं दे. पन याची झाकनी नाय मिलनार, आधीच सांगतंय."

घरातल्या एका माणसाला मात्र तांबं नको होतं. आईला विहिरीवर मोटर हवी होती. घरामागच्या परड्यातली विहीर खोल, आई रहाटावर दिवसभर पाणी ओढायची आणि तिचा उजवा खांदा कामातून जात चालला होता. "भाव आला की पहिली मोटर," बाबा म्हणायचे. भाव आला की, हे आमच्या घरातलं पालुपद झालं.

त्यात बाबांनी कुठूनसं ठरवलं की चकचकीत धातूला भाव बरा मिळतो. मग आई आणि मी चिंच आणि राख घेऊन हंडे घासायला बसायचो. घासलेले हंडे धुवायला पाणी लागायचं आणि ते पाणी विहिरीतून यायचं. म्हणजे मोटरीसाठी घेतलेल्या हंड्यांनी आईचं ओढणं दुप्पट केलं. हे मी बाबांना एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, तुला अर्थशास्त्र कळत नाही. मी तेव्हा कॉलेजात तोच विषय घेतला होता.

पडवीत ओळीने झळकणारे हंडे गावाने पाहिले आणि लग्नसराईत शेजारची काकी आली. "वयनी, हलदीला चार हंडे देशील काय गो?" ही गुंतवणूक आहे, असं तिला कोण सांगणार? लग्नाला भांडं नाकारणाऱ्याचं नाव आमच्याकडे तिसऱ्या पिढीपर्यंत निघतं. बाबांनी दिले. हंडे परत आले ते वालांसकट, कारण मागून नेलेलं भांडं आमच्याकडे रिकामं परत करत नाहीत. मग दुसरं लग्न, तिसरं बारसं, कुणाकडची पूजा. तांब्याबरोबर पोहे यायला लागले, पापड यायला लागले, खाडीकडच्या घरून सुकट आली.

"हा डिव्हिडंड," बाबा खुशीत म्हणाले. "लंडनवाल्याला सुकट मिळते काय?"

आणि एका मे महिन्यात खरोखरच भाव आला. बाबा वाचनालयातून सायकलची घंटी वाजवत घरी आले. "उद्या विकायचं. सगळं." आई परड्यात गेली आणि मोटर कुठे बसेल ते बघत विहिरीच्या कठड्याभोवती फिरली. तिला एवढी हलकी मी त्याआधी पाहिली नव्हती.

पडवीत त्या दिवशी एकच घंगाळ होतं. बाकी सगळं तांबं लग्नांना गेलेलं. बाबा सायकलवरून घरोघर फिरले. पण हळदीच्या पाण्याने भरलेला हंडा ओता आणि द्या, असं मांडवात उभं राहून म्हणायला वेगळी छाती लागते. काकीच्या सोयऱ्यांकडे, हमरापूरच्या मूर्तिकाराच्या घरी, ते एसटीने गेले, तर वधूपित्याने त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं. बाबा जिलेबी खाऊन परत आले. "मांडव उतरू दे," म्हणाले.

मांडव उतरेपर्यंत परदेशात तांब्याचा कुणी मोठा सटोडिया उघडा पडला आणि भाव गडगडला. "आता धीर धरायचा," बाबा म्हणाले. "लांबचं बघायचं." त्याच सुमारास एका सकाळी आईच्या हातून रहाटाचा दोर सुटला. ती कठड्याला टेकून बसली, आणि पदर सावरायलाही तिचा हात वर जाईना. मला बाबांचा इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

हमरापूरहून हंडे घेऊन टेंपो आला तेव्हा बाबा कंपनीत होते. आईने हंड्यांतले तांदूळ आणि नारळ तेवढे काढून घेतले. "उतरवू नको," तिने ड्रायव्हरला सांगितलं. घरी आलेले बाकीचे हंडेही तिने वर चढवायला लावले आणि मला घेऊन पुढे बसली. पेणला भंगारवाला भला माणूस निघाला. "काकी, आज भाव पार पडलाय. थोडं थांबा."

"थांबूनच खांदा गेलाय माझा," आई म्हणाली. "वजन कर."

संध्याकाळी बाबा आले तेव्हा पडवी रिकामी होती आणि दुकानवाल्याने दुपारीच बसवून दिलेल्या मोटरीचं पाणी परड्यात नळीतून पडत होतं. ते तसेच चपलांसकट परड्यात गेले.

"काय भाव दिला भंगारवाल्याने?"

"इचारला नाय."

"अगो, लंडनला—"

"तुमचं तांबं कुठं जात नाय. मोटरीत सगळी तांब्याचीच तार हाय, दुकानवाल्यानं सांगितलान. भाव वाढला की सांगा, मी पानी भरायचं थांबवते नि तार काढून देते."

वाचनालयात बाबा जात राहिले, ते पानही बघत असावेत. पुढे तांब्याचा भाव पुष्कळ वाढला, असं मी बाहेरून ऐकलं. बाबांनी तो घरात कधी सांगितला नाही.