उंबऱ्यापाशी न घासलेला कोबा

हे घरात कुणाला ठाऊक नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या बहिणीला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी लादी बसवतो. घर वसईजवळ उमेळ्यात, पण कामं सगळीकडे. तुळिंजच्या बिल्डिंगी झाल्या, जूचंद्रचे नवे फ्लॅट झाले. माझी लादी हलत नाही, असं लोक म्हणतात आणि मला ते ऐकायला फार आवडतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या आवडण्यातूनच झालं.

बाबांनी आयुष्यभर खाडीकाठी भातशेती केली. चिखलात उभे राहून राहून म्हणा, नाहीतर नंतरच्या आजारपणानं म्हणा — म्हातारपणी त्यांचे पाय कायम गार. आम्ही घामानं भिजलेलो आणि बाबा पायांवर गोधडी घेऊन बसलेले. माझी धाकटी बहीण वैशाली त्यांना एकदा हिवाळ्यात तिच्याकडे कॅनडाला घेऊन गेली. परत आले ते एकच गोष्ट सांगत. बर्फ नाही, मोठमोठे रस्ते नाहीत — तिच्या घरातली जमीन! दगडी लादी, पण खालून तापणारी. तिच्यावर अनवाणी चाललो आणि पाय पुन्हा माझे वाटले, म्हणायचे.

मग वैशालीनं तसली तारेची जाळी बाबांच्या खोलीसाठी पाठवून दिली. कोब्यावर अंथरायची, सिमेंटच्या मसाल्यात पुरायची, वर दगडी लादी बसवायची. भिंतीवरचं बटण दाबलं की जमीन कोमट. गावात चेष्टा सुरू झाली — वसईत जमीन तापवताय, मे महिन्यात पापड भाजणार काय? मीही हसलो. पण खरं सांगू? मला झोंबलं होतं. बाबांची आंघोळ, औषधं, रात्रीचं उठणं — सगळं मी आणि माझी बायको करायचो. आणि बाबा येईल त्याला सांगत सुटले होते, "माझी पोरगी माझे पाय गरम करनार!"

त्यात तिचे रोज व्हिडिओ कॉल. दादा, कोबा नीट घासून घे. एकही गाठ ठेवू नकोस, तार नाजूक असते. धूळ पुसून काढ, ओल नाही ना ते बघ, लादीच्या आधी मीटर लावून तार शाबूत आहे का तपास. सगळं बरोबर सांगत होती. तेच तर सहन होईना! अर्ध्या वसईच्या जमिनी केलेल्या माणसाला ही कोबा शिकवणार?

मी कोबा घासला. जवळजवळ सगळा. उंबऱ्यापाशी वीतभर पट्टी राहिली — जुन्या सिमेंटच्या टोकदार गाठींची. विसरलो म्हणू का? नाही. ग्राइंडर हातात होता, चालू होता. त्या पट्टीकडे बघत बघत मी तो बंद केला. तुझं ऐकल्याशिवायही माझं काम होतं, असं काहीतरी मनात होतं. चहा निवायच्या आत घासून झाली असती.

जाळी अंथरली. मीटर लावला, ठीक होतं. मग मसाल्याचं घमेलं सरकवताना त्याच पट्टीवर माझा गुडघा टेकला. पुन्हा मीटर लावला तर आकडाच येईना. जाळी उचलून बघितली — गाठीवर चेपून तार तुटली होती.

बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. "झाला का रं?" म्हणाले. होतंय, म्हणालो. आणि लादी बसवायला घेतली. त्या मेलेल्या तारेवर — कळतंय ना तुम्हाला? मला माहीत होतं. वैशालीला कळवलं असतं तर तिनं दुसरी पाठवली असती, थोडे दिवस गेले असते. फक्त तुझं बरोबर होतं, एवढं म्हणावं लागलं असतं.

मसाला पुरता सुकल्यावर वैशालीला फोनवर घेतलं, बाबांना अनवाणी बसवलं आणि बटण दाबलं. आम्ही वाट बघितली. मीसुद्धा बघितली — इतका निर्लज्ज मी! मग म्हणालो, मालच खराब निघाला गं. लादी बसेपर्यंत चालू होती. तिचा चेहरा उतरला. दादा, मी सेलमध्ये घेतली होती, म्हणाली. मी बटण पुन्हा एकदा दाबून दाखवलं. फोन ठेवल्यावर बाबा मलाच समजावायला लागले, "तिला कई बोलू नको. दुकानदारानं फसवला आसल पोरीला."

पुढच्या फोनवर नवी पाठवते, म्हणाली ती. मी नको म्हणालो. लादी फोडावी लागेल, बाबांना धूळ सोसणार नाही. हे सांगताना माझा आवाज फार काळजीचा होता.

तो सबंध हिवाळा बाबा रोज सकाळी पाय खाली सोडायचे, लादीवर ठेवायचे आणि जरा थांबायचे. आज तरी चालू होईल असं वाटायचं त्यांना. मग पाय वर घ्यायचे. मी हे रोज बघितलं. गरम पाण्याची पिशवी आणून दिली, पायमोजे चढवले. तोंड उघडलं नाही. पुढच्या दिवाळीआधी ते गेले.

वैशाली पोहोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. ती बाबांच्या खोलीत गेली, खाली बसली आणि लादीवर हात टेकून रडायला लागली. मी स्वस्तातली घेतली रे दादा, म्हणाली. चार पैसे वाचवायला गेले आणि बाबा गार पायांनी गेले. मी तिच्याजवळ बसलो. तेव्हा बोलता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, "असू दे. माझ्या मनात काही नाही."

मी तिला माफ केलं.

तिनं माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. तू फार मोठ्या मनाचा आहेस दादा, म्हणाली. मी हात सोडवून घेतला नाही.